दक्षिणेत राहून उत्तरायण

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

शिबिराला निघण्याच्या आदल्या रात्री तू विचारलेस, "आई, संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे निघतो आणि दिवस मोठे होऊ लागतात, म्हणून आपण सण करतो ना? पण ऑकलंड तर दक्षिणेला आहे. इथे आता दिवस लहान होत चालले आहेत. मग आपण अंधाराचे स्वागत करतो का?" या प्रश्नाला जाता जाता दोन वाक्यांत उत्तर देणे मला बरे वाटले नाही, कारण प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर शोधताना आपल्या लोकांनी सूर्याकडे किती बारकाईने पाहिले होते तेही कळते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तुझे निरीक्षण खरे आहे. ऑकलंडमध्ये २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस सुमारे १४ तास ४१ मिनिटांचा असतो, संक्रांत येईपर्यंत तो पंधराएक मिनिटांनी लहान झालेला असतो आणि जूनमध्ये ९ तास ३८ मिनिटांवर येतो. आजी कोल्हापुरात ज्या दिवशी "आता दिवस तिळातिळाने मोठा होणार" असे म्हणते, त्या दिवशी आपल्या घरचा उजेड तिळातिळानेच ओसरत असतो. यात कोणाचीही गफलत नाही. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यामुळे एका गोलार्धाला मिळालेला उजेड दुसऱ्या गोलार्धातून वजा होतो, इतकेच.

आता संक्रांतीच्या तारखेकडे वळू. सूर्य दक्षिणेचे शेवटचे टोक २१ किंवा २२ डिसेंबरला गाठतो. झोका वर गेल्यावर परत फिरण्याआधी क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, तसे त्या चार-पाच दिवसांत सूर्याचे मावळण्याचे ठिकाण जवळजवळ हलत नाही आणि मग तो उत्तरेकडे सरकू लागतो. उत्तरायण खऱ्या अर्थाने तेव्हाच सुरू होते. संक्रांत मात्र सूर्य मकर राशीत शिरण्याचा दिवस आहे आणि ही रास आपण ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतो. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा फार संथपणे फिरत असल्यामुळे या दोन गोष्टी सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाने एकमेकींपासून दूर जातात. साधारण सतराशे वर्षांपूर्वी उत्तरायणाचा आरंभ आणि मकरप्रवेश एकाच दिवशी येत असत, आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा, पण ती तारीख होती १२ जानेवारी. आपली संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, आणि तुझ्या नातवंडांची आणखी पुढे सरकलेली असेल.

हे अंतर आपल्या पंचांगकर्त्यांना ठाऊक नव्हते असे समजू नकोस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात यावर मोठा वाद झाला. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ऋतूंशी जुळणारे सायन पंचांग काढले आणि सण सूर्याच्या खऱ्या स्थितीप्रमाणे व्हावेत असा आग्रह धरला. टिळक पंचांग सायन नाही, पण ते राशी थोड्या वेगळ्या बिंदूपासून मोजते, म्हणून ते मानणारी घरे आजही १० जानेवारीच्या सुमारास संक्रांत करतात. लेले-दीक्षितांचे म्हणणे मला शास्त्रदृष्ट्या पटते. तरीही मी संक्रांत आजीबरोबरच करते, कारण सण एकट्याने वेगळ्या दिवशी केला तर तो गणिताने बरोबर ठरेल, पण त्या दिवशी "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणायला कोणी नसेल.

यापुढची गोष्ट मात्र तुझ्या प्रश्नाच्या गाभ्याशी जाते. महाराष्ट्रात तरी संक्रांतीला उजेड असा किती वाढलेला असतो? मुंबईत २१ डिसेंबरपासून १४ जानेवारीपर्यंत दिवस वाढतो तो जेमतेम सात-आठ मिनिटांनी. शिवाय ही वाढ सगळी संध्याकाळच्या बाजूला मिळते. सकाळचा सूर्य डिसेंबरात ७ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि संक्रांतीला त्याहूनही पाच-सहा मिनिटे उशिरा. म्हणजे पहाटे उठून सुगडे मांडणाऱ्या बाईला अंधार कमी झाल्याचा काहीही पुरावा डोळ्यांनी दिसत नाही, थंडी तर बहुधा वाढलेलीच असते. तरी ती हळदी-कुंकवाची बोटे लावून सुगडात हरभरा, ऊस, बोरे, गाजर, गव्हाच्या ओंब्या आणि तीळ भरते. उजेड किती आहे हे ती मोजत नाही, सूर्य वळला आहे हे तिला पुरेसे असते. माझ्या मते संक्रांतीचा सगळा आध्यात्मिक अर्थ या वळण्यात आहे.

हा अर्थ मी आज नव्याने लावत नाही. माणसांचे एक वर्ष म्हणजे देवांचा एक अहोरात्र, उत्तरायण हा त्यांचा दिवस आणि दक्षिणायन ही रात्र, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. त्या हिशेबाने आपला एक महिना म्हणजे देवांचे दोन तास. म्हणून संक्रांतीच्या आधीचा धनुर्मास ही देवांची पहाट मानली जाते आणि त्या महिन्यात घाटावरच्या कितीतरी घरांत भल्या पहाटे उठून मुगाची खिचडी, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी आणि वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य सूर्य उगवताना दाखवतात. आम्ही लहानपणी त्याला धुंधुरमास म्हणत असू. इतक्या सकाळी भरपेट जेवण फक्त त्याच महिन्यात मिळे, त्यामुळे आम्हा मुलांना तो संक्रांतीइतकाच प्रिय होता.

पण देवांचा दिवस कोठे असतो? सूर्यसिद्धान्त या प्राचीन ग्रंथाचे उत्तर असे की देव मेरूवर, म्हणजे पृथ्वीच्या उत्तर टोकाला राहतात आणि असुर दक्षिण टोकाला. एकाचा दिवस ती दुसऱ्याची रात्र, आणि दोघांनाही वर्षातून सारखाच उजेड मिळतो. बघ, तुझा प्रश्न त्या ग्रंथात दीड हजार वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. दक्षिणेकडून पाहिले तर उत्तरायण उलटे दिसते हे ऑकलंडला कोणी मराठी माणूस येण्याच्या कितीतरी आधी आपल्या गणितींनी लिहून ठेवले होते. आपण असुरांच्या बाजूला राहायला आलो म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. बळीराजाही असुरच होता, आणि "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो" असे म्हणून आपल्याकडच्या बायका आजही त्याचीच वाट पाहतात.

यात एक पेच होता आणि तो आपल्या भास्कराचार्यांनी सोडवला. त्यांचे घराणे सह्याद्रीच्या कुशीतले, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. पेच असा, की उत्तर टोकावर सूर्य प्रत्यक्ष उगवतो तो मार्चमध्ये, विषुवदिनाच्या सुमारास, आणि सहा महिन्यांनी मावळतो. मग डिसेंबरात सुरू होणाऱ्या उत्तरायणाला देवांचा दिवस कसे म्हणावे? त्या वेळी तर तिथे ऐन मध्यरात्र असते. सिद्धान्तशिरोमणी या ११५० सालच्या ग्रंथात भास्कराचार्य सांगतात की सूर्य दिवसाच्या दिशेने वळला की तेव्हापासून त्याला दिवसच मानावे असा संहिता, म्हणजे शुभाशुभ फळे सांगणारे ग्रंथ, रचणाऱ्यांचा आशय आहे. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा कितीतरी वेळ पुढचे पान उलटले नाही. इतका काटेकोर गणिती, पण धर्मशास्त्राचे म्हणणे चुकीचे ठरवून तो पुढे गेला नाही, आणि गणिताला मुरड घालून त्याने ते खरेही केले नाही. मध्यरात्र ही मध्यरात्रच आहे हे मान्य करून, पहाटेकडे जाणारी वाट तिथूनच सुरू होते हे त्याने दाखवले.

आता मरणाविषयी थोडे लिहिते. तू बारा वर्षांची आहेस, आणि भीष्मांची गोष्ट तुला माहीत आहेच. शरपंजरी पडलेले भीष्म उत्तरायणाची वाट पाहत अठ्ठावन्न रात्री थांबले आणि सूर्य वळल्यावर त्यांनी देह ठेवला, असे महाभारतात सांगितले आहे. गीतेच्या आठव्या अध्यायातही दोन वाटा आहेत. एक अग्नी, प्रकाश, दिवस, शुक्लपक्ष आणि उत्तरायणाचे सहा महिने यांची, तिने गेलेला परत येत नाही. दुसरी धूर, रात्र, कृष्णपक्ष आणि दक्षिणायन यांची, तिने गेलेला परत येतो. हे शब्दशः घेतले तर जुलै ते डिसेंबरमध्ये गेलेल्या प्रत्येक माणसाविषयी काळजी वाटावी. तुझे आजोबा श्रावणात गेले, तेव्हा हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता.

पण परंपरेने हा प्रश्न तिथेच सोडलेला नाही. ब्रह्मसूत्रांत स्पष्ट म्हटले आहे की ज्ञानी माणूस दक्षिणायनात गेला तरी त्याला ज्ञानाचे फळ मिळतेच, आणि त्यावर शंकराचार्य लिहितात की भीष्म थांबले ते लोकाचाराचा मान राखण्यासाठी आणि वडिलांच्या वराने आपल्याला इच्छामरण लाभले आहे हे दाखवण्यासाठी. गीताही त्याच ठिकाणी पुढे सांगते की या दोन्ही वाटा जाणणारा योगी मोहात पडत नाही. आणि आपल्या महाराष्ट्राने तर याचे उत्तर ग्रंथाबाहेर, प्रत्यक्ष दिले. ज्या ज्ञानेश्वरांनी या दोन वाटांवरचे गीतेचे श्लोक मराठीत उलगडून सांगितले, त्यांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली ती कार्तिक वद्य त्रयोदशीला, म्हणजे दक्षिणायनात. उत्तरायणाला दोन महिनेसुद्धा उरले नव्हते, हवे असते तर ते थांबू शकले असते. नामदेवांची पुण्यतिथी आषाढ वद्य त्रयोदशीची, तीही दक्षिणायनातलीच. वारकऱ्यांचा सर्वांत मोठा मेळा पंढरपुरात भरतो तो आषाढी एकादशीला, जेव्हा देव झोपी जातो असे मानतात आणि देवांची रात्र नुकतीच सुरू झालेली असते. लाखो माणसे ऐन रात्रीच्या तोंडाशी विठ्ठलाकडे चालत जातात, आणि त्या रात्रीत काही अशुभ आहे असे त्यांच्यापैकी कोणाच्या मनातही येत नाही.

म्हणून उत्तरायण हा आकाशातला एक काळ आहे हे जितके खरे, तितकेच तो मनाचा कल आहे हेही खरे. प्रकाशाकडे तोंड वळवले की माणूस उत्तरायणात असतो. पसायदानातल्या "दुरितांचे तिमिर जावो, विश्व स्वधर्मसूर्यें पाहो" या ओळीतल्या सूर्यालाही अयन नाही. तो कोणत्या महिन्यात उगवावा हे ज्ञानेश्वरांनी मागितलेले नाही.

यासाठी तुला एक जागा दाखवायची आहे. पुढच्या वेळी आपण जानेवारीच्या शेवटी कोल्हापूरला गेलो तर अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव पाहू. हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. दरवर्षी ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवशी संध्याकाळी मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत शिरतात, गरुडमंडप ओलांडतात, पितळी उंबरठ्यावरून गाभाऱ्याच्या पायऱ्या चढतात आणि देवीपर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी ती चरणांवर पडतात, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत येतात आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. त्या वेळी आतले दिवे मालवलेले असतात आणि लोक श्वास रोखून उभे असतात. सोनेरी पट्टा एकेक पायरी चढताना डोळ्यांना दिसतो, आणि तो पुढे सरकत आहे की तिथेच थांबला आहे हे ठरवेपर्यंत तो देवीच्या साडीच्या काठाला लागलेला असतो. ढग आले, हवेत धूळ किंवा बाष्प जास्त असले, तर एखाद्या वर्षी किरणे अर्ध्या वाटेतच विरतात आणि सगळे देऊळ हळहळते.

आता तारखा पाहा. हाच सोहळा ९, १० आणि ११ नोव्हेंबरलाही होतो. नोव्हेंबरच्या त्या दिवसांपासून २१ डिसेंबरपर्यंत एकेचाळीस-बेचाळीस दिवस, आणि तिथून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंतही तितकेच. सूर्य दक्षिणेला जाताना एकदा त्या बिंदूवरून जातो आणि परतताना पुन्हा एकदा. ज्यांनी ते देऊळ बांधले त्यांनी देवीच्या मुखावर दक्षिणायनातला सूर्य आणि उत्तरायणातला सूर्य सारख्याच मानाने येऊ दिला आहे. दूर जाणाऱ्या सूर्याची किरणे काही कमी तेजाची नसतात. तुझ्या प्रश्नाला माझ्याजवळ याहून चांगले उत्तर नाही.

आपण ऑकलंडमध्ये काय करावे, याचाही मी विचार केला आहे. जानेवारीची संक्रांत आपण सोडायची नाही. काळे कपडे, तीळ, गूळ, बाजरी हे सगळे थंडीचे सोबती आहेत आणि इथल्या उन्हाळ्यात ते शोभत नाहीत हे खरे, तेव्हा गूळपोळ्या थोड्याच करू आणि काळ्या साडीचा हट्ट मीही धरणार नाही. पण तिळगूळ द्यायचा आणि गेल्या वर्षीचे मनातले किल्मिष काढून टाकायचे, ही रीत कोणत्याही गोलार्धात चालते.

त्याच्या जोडीला २१-२२ जूनचा दिवसही आपण पाळावा असे मला वाटते, कारण आपल्या घरासाठी सूर्य वळतो तो तेव्हा. त्याच सुमारास इथे मातारिकी येते. तू शाळेत शिकलीस की तो माओरी लोकांच्या नव्या वर्षाचा तारकापुंज आहे आणि २०२२ पासून त्याची सार्वजनिक सुट्टी असते. ते तारे म्हणजे आपल्याच कृत्तिका. माओरी लोक पहाटे अंधारात उभे राहून वर्षभरात गेलेल्या माणसांची नावे घेतात आणि शिजवलेल्या अन्नाची वाफ ताऱ्यांना अर्पण करतात. आपल्या नैवेद्याच्या इतके जवळचे काही या देशात मला दुसरे आढळलेले नाही. सूर्याला दोन बायका आहेत, एक उन्हाळ्याची हिने-राउमाती आणि एक हिवाळ्याची हिने-ताकुरुआ, आणि तो अर्धे अर्धे वर्ष दोघींकडे राहतो, असेही ते सांगतात. बहुतेक वर्षी पंढरपूरची आषाढीही याच दिवसांच्या आसपास येते. त्यांची रीत आपली म्हणून उचलायची नाही, पण त्यांच्या शेजारी उभे राहून आपली रीत करायला काहीच हरकत नसावी.

तेव्हा २२ जूनला आपण साडेसहाला उठू. धुंधुरमासातली मुगाची खिचडी आणि बाजरीची भाकरी त्या दिवशी करू, कारण थंडी तेव्हा इथे खरोखर असते. साडेसातच्या सुमारास ईशान्येला सूर्य वर आला की तांब्यात पाणी, अक्षता आणि तांबडे फूल घेऊन तू त्याला अर्घ्य दे, आणि आजोबांचे नावही घे. सूर्याची बारा नावे तुला पाठ आहेत, ती त्या वेळी म्हण.

एक काम मात्र आतापासून करायचे आहे. आपल्या गच्चीवरून वाइटाकेरेच्या डोंगररांगेमागे सूर्य मावळताना दिसतो. शिबिराहून आलीस की एका जाड कागदावर ती डोंगररेषा काढ, आणि आठवड्यातून एकदा सूर्य जिथे टेकला तिथे तारीख घाल. डिसेंबरपासून जूनपर्यंत ही खूण पश्चिमेच्या डाव्या हाताला तीस अंशांपासून उजव्या हाताला तीस अंशांपर्यंत सरकेल. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेची खूण न चुकता कर, म्हणजे नोव्हेंबरच्या १० तारखेला सूर्य त्याच जागी येतो का ते आपल्याला पाहता येईल. त्या संध्याकाळी आजीला कोल्हापूरला फोन लावून किरणे कुठवर पोहोचली तेही विचारू.

शिबिरात पाण्यात उतरताना ताईंचे ऐक आणि टोपी घालायला विसरू नकोस. लाडवांचा डबा तुझ्या पिशवीत खालच्या कप्प्यात आहे. तंबूतल्या सगळ्या मुलींना त्यातला तिळगूळ दे, आणि गोड बोला म्हणण्याचे कारण त्यांनी विचारले तर ते तुझ्या भाषेत त्यांना सांग.

तुझी,
आई